क्रम

बैलहोंगलहून अडिवेप्पानं कळवलं:
तोच कोड, तोच कंपायलर, आवृत्तीचा आकडाही तोच,
आणि तयार झालेल्या फाइलची बेरीज वेगळी.
चेकसमला तो बेरीज म्हणतो. आता मीही म्हणते.

मी मजगावातून उत्तर दिलं, जरा तोऱ्यातच:
तुझ्या मशीनमध्ये काहीतरी आहे, पुसून परत टाक.
दोन दिवसांनी त्याचं आलं: पुसलो. टाकलो. तेच.
खाली अजून एक ओळ: तुम्ही बघितला काय तरी?

नव्हतं बघितलं.
हे बिल्डचं अवजार कुणी विकत नाही,
कुठं कुठं बसवलंय त्याची वही नाही,
सांभाळणारे तिघं,
त्यातला एक गेल्या दिवाळीपासून गप्प.

बाबा उद्यमबागेत कोअर बनवायचे.
कास्टिंग थंड झालं की हातोडीनं टकटक.
खणकन वाजलं तर पुढं,
भद्द वाजलं तर आत पोकळी.
"साचा तोच, वाळू तीच, तरी दोन नग सारखे येईनात,
तर माणसाला बघायचं नाही पहिला.
आपली रीत बघायची की."

मग मी दोन्ही फाइली वाजवत बसले, बाइटला बाइट.
तुकडे सगळे तेच होते,
फक्त जागा बदललेल्या,
जसं फोटो नीट आला नाही म्हणून
मंडळी परत उभी राहावीत
आणि काका या खेपेला डावीकडं.

अवजार फाइलींची नावं अकारविल्हे लावतं
आणि त्याच क्रमानं जोडतं.
अकारविल्हे म्हणजे काय, हे ते मशीनच्या भाषेला विचारतं.
कुणी मोठी अक्षरं आधी घेतं,
कुणी मोठी-लहान शेजारी शेजारी बसवतं.
अडिवेप्पाचं मशीन कन्नडमध्ये.
माझं, सर्व्हरसारखंच, कुठल्याच भाषेत नाही.

आमच्याकडं भाषा हा शब्द टेबलावर ठेवायचा
तर आधी टेबल पुसून घेतात.
"कन्नड असल्यास बिल्ड बिघडते"
असं शीर्षक मी टाईप केलं होतं. खरंही होतं.
पाठवलं नाही.

रात्री साडेबाराला माझं मशीन मराठीत केलं.
का, ते नक्की सांगता येणार नाही.
पंखा फिरत राहिला. बेरीज आली.
अडिवेप्पाचीच,
पहिल्या आकड्यापासून शेवटच्यापर्यंत.

मराठी आणि कन्नड एका रांगेत.
वेगळी होती ती बिनभाषेची,
जिला मी इतके दिवस बरोबर म्हणत होते.

दुरुस्ती एका ओळीची:
नावं लावताना भाषा विचारू नये.
फक्त लावताना. चुका सांगायच्या त्या
ज्याच्या त्याच्या भाषेतच सांगाव्यात.
ओळ लिहून थोडा वेळ तशीच बसले.
कुणी तिच्यात भलतं वाचू नये
म्हणून वर टीप लिहिली, पाच ओळींची,
मग तीन केल्या.

आता रोज रात्री तीनदा बिल्ड होतं,
एकदा कन्नडमध्ये, एकदा मराठीत, एकदा मुक्यानं,
आणि बेरजा शेजारी ठेवून बघतो.
अडिवेप्पानं एकच शब्द पाठवला: सरि.

हे इथं संपलं असतं.
पण मंगळवारी हेस्कॉमनं दहा वाजता वीज काढली,
आली तेव्हा अवजारानं अर्धी लिहिलेली फाइल बघितली,
तारीख ताजी बघितली,
आणि म्हणालं: सगळं तयार आहे, करण्यासारखं काही नाही.

बाबांना सांगितलं. ते चहा ओतत होते.
"भट्टी मधेच विझली तर ते लोखंड नग म्हणून कोण पाठवतंय?"
आम्ही पाठवतोय, बाबा.
किती दिवस, ते माहीत नाही.

अडिवेप्पा, जागा आहेस काय?
तुझ्याकडं वीज कधी जाते, वेळ सांग.